कोणती समता, भाऊ?

रोज ध्यान करावं का? करावं. मी ध्यानाच्या विरोधात लिहीत नाही. ध्यानाच्या नावाखाली जी झोप काढणं चाललंय, तिच्या विरोधात लिहितोय.

जळगाव-धुळ्याच्या आपल्या वस्त्यांत दोन टोळ्या दिसतात. एक इगतपुरीला जाऊन आलेल्यांची. दुसरी त्यांची टिंगल करणाऱ्यांची. पहिली डोळे मिटून गप्प. दुसरी डोळे लाल करून गप्प, कारण तिच्या हातात क्वार्टर. मला दोघांशी भांडायचंय.

आधी पहिल्यांशी. सत्यनारायण गोयंका 1969 साली ब्रह्मदेशातून भारतात आले, विपश्यना शिकवू लागले. 1976 ला इगतपुरीचं धम्मगिरी सुरू झालं. दहा दिवस मौन. पहाटे चारला घंटा. दिवसाला दहा तास बैठक. फी नाही, आधी शिकून गेलेल्यांच्या दानावर पुढच्यांचं जेवण. बामणाच्या शेजारी आपण बसतो आणि कोणी जात विचारत नाही. हे मी मानतो. या देशात एवढंही सहजासहजी मिळत नाही.

पण दहा दिवस असतात कोणाकडे? सरकारने आपल्या नोकरांना शिबिरासाठी रजेची सवलत दिली. रावेर-यावलच्या बागेतून केळीचे घड वाहणाऱ्याला कोण रजा देणार? दहा दिवसांची मजुरी बुडाली की चूल बंद. जळगावच्या एमआयडीसीत प्लॅस्टिकच्या चटया तयार होतात. तिथल्या मजुराने पाळीवर पाळी करून चटई विणायची आणि तिच्यावर बसून ध्यान दुसऱ्याने करायचं, असा हा हिशेब.

तरी रजेचं भांडण लहान आहे. मोठं भांडण दोन शब्दांचं आहे.

शिबिरात सांगतात, समता ठेवा. म्हंजे अंगावर सुख उठो की दुःख, मन हलू द्यायचं नाही. बाबासाहेबांची समता वेगळी. 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळीत घेतलेल्या पाण्याची ती समता. शिबिरातली वेदना म्हंजे अंगावरची संवेदना, नुसती बघायची. आपली वेदना म्हंजे दुखणं. ते बोललं पाहिजे म्हणून तर आपण लिहायला लागलो. शब्द तेच, पण साहेब लोकांनी गुपचूप अर्थांची अदलाबदल केली आणि आपल्याला पत्ताच लागला नाही.

आता हे तपासून बघू. जून 2018. आपलाच जळगाव जिल्हा, जामनेर तालुका, वाकडी गाव. मातंग समाजाची अल्पवयीन पोरं विहिरीत पोहली म्हणून त्यांना नागडं करून पट्ट्याने मारलं. व्हिडिओ काढला, गावोगाव फिरला. महाडला 91 वर्षं झाली होती. त्या पोराच्या पाठीवरच्या वळाला कोणती समता सांगणार, भाऊ? संवेदना येते, जाते, नुसतं बघ, हे सांगणार? ज्याने पट्टा उगारला त्याला आधी मन बघायला शिकवा ना. मार खाणाऱ्यालाच शांतीचा क्लास कशाला? मुकाट सोसायचं शिक्षण आपल्याला हजारो वर्षं फुकटच मिळालंय.

बाबासाहेबांनी हा धोका ओळखला होता. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' त्यांच्या मागे 1957 साली निघाला. प्रस्तावनेतच ते विचारतात : बुद्धाने भिक्खू कशासाठी घडवला? स्वतःपुरता परिपूर्ण माणूस म्हणून, की लोकांची सेवा करणारा म्हणून? समाधीबद्दलही त्यांचं म्हणणं साफ आहे. नुसती एकाग्रता तात्पुरती. ती मोडली की जुने विकार परत हजर. सम्यक समाधी म्हंजे मनाला कुशल कर्माचा विचार करायची कायमची सवय लावणं. जवळच अजिंठा आहे. लेण्यांतल्या त्या लहान खोल्या बघून आपण भारावतो. पण पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहायचं आणि उरलेलं वर्ष लोकांत हिंडायचं, हा भिक्खूंचा मूळ नेम. हे साहेब वर्षभर पावसाळ्यातच बसलेत.

आता दुसऱ्या टोळीशी. हसू नका. तुम्ही ध्यानाला बामणी नाटक म्हणता. सम्यक स्मृती अष्टांग मार्गात आहे आणि तो मार्ग पाळायची प्रतिज्ञा 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात घेतलेली आहे. दारू पिणार नाही, हीही त्यातलीच. तिचं काय झालं? तुमचा संताप खरा आहे. पण त्याच्यावर नजर नसली की तो व्यवस्थेवर जायच्या आधी आपल्याच माणसावर जातो. पँथर 1972 ला निघाली, 1974 ला फुटली. मतभेद विचारांचे होते, मान्य. पण अहंकाराचा त्यात वाटा नव्हता असं कोण छातीवर हात ठेवून म्हणेल? आणि रात्री पिऊन बायकोवर हात उचलणारा पोरगा सकाळी मोर्चात समतेची घोषणा देतो, ती कोणती समता?

म्हणून ध्यान रोजच्या जगण्यात आणा. त्याला डोंगर लागत नाही. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी मनाचा स्वभाव जात्यावर आणि शेतात राबताना ओळखला, रजा टाकून नव्हे. पाळी संपल्यावर वस्तीच्या विहारात जमा. वंदनेनंतर दहा मिनिटं श्वासावर बसा. मग डोळे उघडा आणि एकेकाने सांगा : आज अपमान कुठे झाला, राग कोणावर निघाला, निघायला कोणावर हवा होता. घरातल्या बाईलाही बोलू द्या, तिचं आधी ऐका. मग ठरवा, उद्या तहसीलवर कोण जाणार, अर्ज कोण लिहिणार, पोलिसात बाईबरोबर कोण उभं राहणार. राग विझवायचा नाही. तो कुठे न्यायचा ते ठरवण्याइतकं मन ताब्यात ठेवायचं.

एवढी बैठक रोज जमली तर शिबिराची रजा मागायला साहेबाच्या दारात जावं लागणार नाही. दारात जायचंच आहे, पण ते बुडवलेली मजुरी मागायला.

जय भीम.