घाट काय वर्षातून एकाच रविवारी आमचा?

सातारकर मंडळी, स्पष्ट लिहितोय. राग आला तर कमेंटमध्ये या, पण आधी पूर्ण वाचा.

आमचा एक मित्र आहे, किराणा दुकान सांभाळतो, चाळिशी कधीच ओलांडलीय, आणि ड्युएथलॉन करतो. आधी धावायचं, मग सायकल, मग परत धावायचं. प्रमाण अंतर १०, ४० आणि ५ किलोमीटर. परवा घाटातली स्पर्धा पुरी करून आला तर दुकानातल्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न, "कितवा आला?" मधल्या गर्दीत आला म्हटल्यावर, "मग कशाला एवढा जीव काढायचा?"

चढावर सायकल मारून मांड्या भरून आल्या की उतरल्यावर पाय आपले राहत नाहीत, लाकडाचे होतात. त्या पायांनी परत ५ किलोमीटर धावायचं असतं. विचारणाऱ्याने एकदा बोगद्यापासून यवतेश्वरपर्यंत सायकल न्यावी, मग बोलू. आणि काय हो, माणमधल्या मोहीची ललिता बाबर २०१६ला रिओमध्ये स्टीपलचेसच्या फायनलला दहावी आली, तेव्हा आपण सगळे छाती फुगवून फिरलो ना? तेव्हा नाही कुणी विचारलं "पहिली का नाही आली?"

असो. खरं दुखणं पुढे आहे. हा माणूस सराव कुठे करतो? त्याच यवतेश्वर घाटात. २०१२ पासून आपल्याकडे हिल मॅरेथॉन होते, २०१५ला अडीच हजारांवर लोक एकाच वेळी डोंगर धावले म्हणून गिनीजमध्ये नाव लागलं. त्या दिवशी रस्ता बंद, पाणी, अॅम्ब्युलन्स, ढोल, सगळं. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर तोच माणूस सायकल घेऊन निघाला की मागून हॉर्न, "ए, कडेनं जा की!"

कडेनं म्हणजे कुठून, सांगा ना. डांबराची कड तुटलेली, गाड्यांच्या चाकांनी उडालेली खडी सगळी तिथेच साचलेली, वर दारूच्या बाटल्यांच्या काचा. मोटारीला जो खड्डा कळतही नाही, तो उताराला सायकलवाल्याला दरीच्या कठड्यावर फेकतो. कासला फुलं आली की शनिवार-रविवारी वळणावर ओव्हरटेक करणारे वेगळेच. घाटात चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची, हा नियम लायसन काढताना सगळ्यांनी पाठ केलेला असतो. सायकल पण वाहनच आहे राव!

"तुमच्या हौसेपायी आम्ही रस्ता सोडायचा का?" हे ठरलेलं उत्तर येणार, माहीत आहे. मग ऐका. त्याच कडेनं वरच्या गावातला दूधवाला किटल्या लावून खाली येतो. पोरं शाळेला चालत येतात. म्हाताऱ्या डोक्यावर मोळी घेऊन जातात. आमच्या मित्राने हौस सोडली तर तो उद्या घरी झोपेल. त्यांनी काय सोडायचं?

मागणं फार नाही. आठवड्यातून एकदा कडेची खडी झाडा. तुटलेली कड भरा, पांढरी पट्टी मारा. वळणांवर ओव्हरटेक करणाऱ्याला खरोखर दंड करा. रविवारी सकाळी साडेपाच ते आठ जड वाहनं खाली थांबवा. पोवई नाक्यावर स्पर्धेचे जेवढे फ्लेक्स लागतात, त्यांच्या खर्चात झाडूवाले तर नक्की येतील.

निवेदन तयार आहे. येत्या रविवारी सकाळी सहा ते आठ सह्या घेतोय, बोगद्यापाशी. धावणारे, सायकलवाले येतीलच. घाटातून रोज गाडी नेणाऱ्यांनीही या, आणि येताना वरच्या गावातल्या दोघातिघांना गाडीत घालून आणा. त्यांच्या सह्या आधी पाहिजेत.