खुराक बादली पाहून ठरवू नका

गाय व्यायली की तिला गूळ, ओवा, सुंठ द्यायची लखनौकडच्या गोठ्यांतली रीत आपल्या गूळ घातलेल्या बाजरीच्या जवळची आहे. तिला नावं ठेवण्याचं कारण नाही. दमलेल्या जनावराला चटकन ऊर्जा मिळते. तक्रार आहे ती नंतरच्या हिशेबाबद्दल. चार दिवसांत पाहुणचार संपतो, गव्हाणीत पुन्हा गव्हाचा भुसा पडतो आणि पेंड किती घालायची हे बादलीतलं दूध पाहून ठरतं. पहिल्या दोन महिन्यांत हा हिशेब साफ उलटा आहे. दूध ६ ते ८ आठवड्यांत शिगेला पोहोचतं, गाईची भूक मात्र पुरती उघडायला १०-१२ आठवडे घेते. मधली तूट ती अंगावरच्या चरबीतून भरते. चरबी फार वेगानं झडली की कीटोसिस होतो, भूक आणखी मरते, माज लांबतो. भुशात प्रथिनं जेमतेम ३-४ टक्के. त्यानं पोट भरतं, तूट नाही. कॅल्शियमचीही तीच कथा. १० लिटर चिकातून २० ग्रॅमहून अधिक कॅल्शियम निघून जातं, रक्तात एका वेळी असतं ते ३-४ ग्रॅम. अशा वेळी सीतापूर-लखीमपूरच्या काय किंवा कोल्हापूर-सांगलीच्या काय, ऊसपट्ट्यात स्वस्त म्हणून नुसतं वाढं घातलं तर त्यातलं ऑक्झलेट नेमकं कॅल्शियमच बांधून ठेवतं.

देशी गाई जादा पेंडीशिवायही जगल्या, असं सांगतात. पाच लिटरच्या गाईची तूट लहान असते, हे खरंच. १५ लिटरच्या संकरित गाईला तो दाखला लागू नाही. खर्चाचा आक्षेप अधिक वजनदार आहे. दुधाचे पैसे हाती येण्याआधी, एक-दोन जनावरांच्या घरानं पेंड आणायची कशातून? पण एक माज हुकला की २१ दिवस थांबावं लागतं, आणि लांबलेल्या भाकड काळातही गाय खातेच. एकदम पेंड ओतावी असंही नाही. त्यानं पोटात आम्ल वाढून गाय खाणंच सोडते. शरीरपोषणासाठी दीड किलो आणि दर अडीच लिटर दुधामागे एक किलो, ही नेहमीची मात्रा दोन-तीन आठवड्यांत चढवत न्यावी, आणि दूध वाढतं आहे तोवर अर्धा-एक किलो पुढेच ठेवावी. जोडीला बरसीम आणि रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण.

उधारीचा प्रश्न मात्र एकट्या शेतकऱ्यानं सोडवण्यासारखा नाही. लखनौत मुख्यालय असलेल्या ‘पराग’ या सहकारी दूध महासंघानं आणि आपल्याकडच्या दूध संघांनी, जिथे ही सोय नाही तिथे, व्यायलेल्या गाईची दोन महिन्यांची पेंड आगाऊ द्यावी आणि दुधाच्या बिलातून हप्त्यानं कापून घ्यावी.