बिनसेलच्या कॅमेऱ्याचा बडेजाव

जुना फिल्म कॅमेरा घ्यायला निघालेल्या तरुणाला यवतमाळात काय किंवा पुण्यात काय, सल्ला एकच मिळतो: सेलवर चालणारा घेऊ नको, यांत्रिक घे, तो दगा देत नाही. हा सल्ला अर्धाच खरा आहे.

१९७६ साली कॅननचा एई-१ बाजारात आला आणि त्याच वर्षी पेंटॅक्सचा के१०००. एई-१च्या पोटात मायक्रोप्रोसेसर होता. ६ व्होल्टचा सेल संपला की खटका दाबूनही शटर उघडत नसे. के१०००ला सेल लागे तो फक्त प्रकाश मोजायला. १९८२चा निकॉन एफएम२ही त्याच जातीचा, आणि तो बिनसेलचा सेकंदाच्या ४०००व्या भागापर्यंत धावे. मे महिन्यात पांढरकवडा-वणीकडे पारा ४५ला टेकलेला असताना भर उन्हात प्रकाश मोजायची गरज तरी कोणाला? १०० आयएसओचा रोल, अ‍ॅपर्चर १६, वेग १२५, आणि फोटो हमखास येणार. तालुक्याच्या दुकानात नेमका तो सेल मिळाला नाही, तर एई-१ म्हणजे गळ्यातलं नुसतं ओझं. इथवर सल्लागारांचं बरोबर आहे.

पण यांत्रिक शटरही बिघडतं, फक्त बोंब मारत नाही. वंगण घट्ट होतं, स्प्रिंग थकते आणि तबकडीवर १००० असताना शटर त्याहून बरंच रेंगाळतं. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांना हे जाणवायचं नाही. कलर निगेटिव्हचा रोल थोडा जास्तीचा प्रकाश निमूट पचवतो. शिवाय रात्रीच्या मांडवात फोटो उजळतो तो फ्लॅशने. त्याची चमक इतकी क्षणिक, की तेवढ्यापुरतं शटर पूर्ण उघडं असलं म्हणजे भागतं. स्लाइडच्या रोलवर मात्र हीच चूक लगेच उघडी पडते. म्हणजे बिनसेलच्या कॅमेऱ्याची बरीचशी अब्रू रोलने आणि फ्लॅशने राखली. आणि ती फ्लॅशगन चालायची कशावर? पेन्सिल सेलवर!

उलट एई-१चं सर्वात बदनाम दुखणं काय, तर खटका दाबला की येणारा चिरका आवाज. तो येतो आरशाच्या यंत्रणेतल्या चाकांचं वंगण सुकल्यामुळे. सर्किटचा त्यात काही दोष नाही. मागच्या झाकणाचा फोम तर दोन्ही जातींच्या कॅमेऱ्यांत वयोमानाने चिकट होतो, आणि विदर्भातला उन्हाळा त्याला हातभारच लावत असणार.

खरा फरक दुरुस्तीत आहे. सुकलेलं वंगण पुसता येतं, घड्याळजीची नजर आणि हात असलेला कारागीर स्प्रिंग बसवू शकतो. जळालेलं सर्किट कोणी घडवून देत नाही. त्यासाठी दुसरा मेलेला कॅमेरा फोडावा लागतो. निकॉनने २००१ साली एफएम३ए काढून दोन्हींची सांगड घातली: सेल असेल तर स्वयंचलित, नसेल तर सगळे वेग यांत्रिक. तो आज मिळतो, पण खिसा चांगलाच हलका करून.

बाकीच्यांनी पैसे मोजण्याआधी मागचं झाकण उघडावं, वेग १ सेकंदावर ठेवून खटका दाबावा आणि कान देऊन ऐकावं. शटर अडखळलं, तर ‘यांत्रिक आहे, काही होत नाही’ हे विक्रेत्याचं पालुपद सोडून द्यावं आणि सफाईचा खर्च किमतीतून वजा करून मागावा.