सूर एक, सोंगं अनेक

गिटारच्या तारा छेडल्या आणि सनई वाजली तर? किंवा चक्क ड्रम? तुम्ही म्हणाल, ‘काहीतरीच!’ पण एक छोटीशी डबी हे काम करते. तिचं नाव गिटार-टू-मिडी कन्व्हर्टर.

आधी मिडी म्हणजे काय ते पाहू. मिडी ही आवाजाची चिठ्ठी. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून १९८३ साली ही भाषा ठरली. चिठ्ठीत असतात फक्त आकडे : सूर कोणता (० ते १२७), किती जोरात, कधी सुरू, कधी बंद. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की ४०, सर्वांत बारीक तार छेडली की ६४. इलेक्ट्रिक गिटारची वायर डबीत जाते, डबी आकडे लिहिते आणि कॉम्प्युटर ते वाचून हव्या त्या वाद्याच्या आवाजात वाजवतो.

आता खरी मेख! साधी डबी ‘मोनोफोनिक’ असते. म्हणजे एका वेळी एकच सूर ओळखते. जोशात सहाही तारांवर हात फिरवला, की ती बावचळते आणि भलतेच सूर सोडते. मग घरात ऐकू येतं, ‘पैसे यासाठी घातले का?’ आणि डबी जाते माळ्यावर!

आईबाबा, जरा थांबा. बासरीसुद्धा एका वेळी एकच सूर काढते. सनईही तशीच, आपला गळाही तसाच. त्यांचं काही अडलं का?

डबीशी गट्टी करायची तर पहिला नियम : साफ वाजवा. एक सूर थांबला की मगच दुसरा. बाकीच्या तारांवर तळवा हलकेच टेकवून त्यांना गप्प ठेवा. इथे डबी कडक मास्तरांसारखी वागते. तुमचं बोट जरा घसरलं, तरी चुगली करते. पण महिनाभर तिच्यासमोर बसा, हात कसा स्वच्छ होतो बघा!

दुसरी गंमत गणिताची. सूर ओळखायला डबीला तारेची एखाद-दोन कंपनं तरी ऐकावी लागतात. जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते. म्हणजे एका कंपनाला १२ मिलिसेकंद. बारीक तारेची कंपनं सुमारे ३३०. एकाला फक्त ३. म्हणून जाड तारेवर डबी रेंगाळते. उपाय? बारीक तारेवर वाजवा आणि कॉम्प्युटरला २४ वजा करायला सांगा. ६४ उणे २४ किती? ४०! सूर दोन सप्तकं खाली उतरला, तोही झटपट.

आता तीन प्रयोग.

एक : कॉम्प्युटरवर आधी ६० हा सूर रेकॉर्ड करा. मग त्यावर दुसऱ्या ट्रॅकवर ६४, तिसऱ्यावर ६७. तिन्ही एकदम ऐका. झाली की कॉर्ड तयार! शिवाय एक सूर व्हायोलिनचा, एक बासरीचा, एक घंटेचा ठेवता येतो. नुसत्या गिटारला हे जमेल का?

दोन : आवाज ड्रमचा निवडा, चॅनेल १०. १९९१ साली ठरलेल्या ‘जनरल मिडी’ यादीप्रमाणे ४५ म्हणजे खालचा टॉम, ५० म्हणजे वरचा टॉम आणि ५५ म्हणजे झांज. आणि गिटारच्या मधल्या मोकळ्या तारा कोणत्या? नेमक्या ४५, ५० आणि ५५! धरा ठेका.

तीन : तार बोटाने ओढून मींड काढा. डबी सुराचा हा बाकही चिठ्ठीत लिहिते. बासरीच्या आवाजात तो गोड लागतो. पियानोला मात्र मींड शोभत नाही. तेव्हा ती सोय बंद ठेवा.

गिटार नाही? हरकत नाही. हार्मोनियमवर एका बोटाने, एका वेळी एकच सूर वाजवून एक धून बांधा. कॉर्ड नाही, दुसरा हात नाही. फक्त पाचच सूर घ्या. पाहा बरं, किती धुना सुचतात ते!