सुपारी फोडण्याआधी

‘ईडी लावू की नको?’

ऑक्टोबर सरत आला की बारावीच्या काही ग्रुपवर हा प्रश्न फिरायला लागतो. घरातल्या मोठ्यांनी तो चुकून वाचला तर त्यांच्या काळजाचा ठोकाच चुकतो, कारण त्यांना माहीत असलेली ईडी पहाटे दारात येऊन उभी राहते. ही ईडी वेगळी. ‘अर्ली डिसिजन’चं हे लघुरूप. अमेरिकेत पदवीसाठी जायचं असेल तर स्वप्नातल्या एकाच कॉलेजला सगळ्यांच्या आधी अर्ज करायचा, आणि त्या कॉलेजने हो म्हटलं तर तिथेच जाईन, असं लेखी वचन द्यायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर ही थेट सुपारी फोडणं आहे. एकदा सुपारी फुटली की दुसरी स्थळं बघायची नसतात.

प्रश्न साधा वाटतो, पण सतरा वर्षांच्या मुलामुलींनी आणि त्यांच्या आईवडिलांनी घ्यावा लागणारा हा मोठ्ठा निर्णय आहे. तो बहुतेक वेळा घाईत, दिवाळीच्या धामधुमीत आणि ‘सगळे लावतायत’ म्हणून घेतला जातो. म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर बोलू.

आधी नियम. बहुतेक कॉलेजांत ईडीची शेवटची तारीख 1 नोव्हेंबर असते, काहींत 15 नोव्हेंबर. निकाल डिसेंबरच्या मध्यावर लागतो. नेहमीच्या अर्जांची मुदत जानेवारीच्या सुरुवातीला संपते आणि त्यांची उत्तरं मार्चअखेरपर्यंत येतात. ईडी एकाच कॉलेजला लावता येते. करारावर तुमची, पालकांची आणि शाळा-कॉलेजतर्फे समुपदेशकाची अशा तिघांच्या सह्या लागतात. प्रवेश मिळाला की बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यायचे. शब्द मोडला म्हणून कोणी कोर्टात खेचत बसत नाही, पण ज्या संस्थेने तुमच्यासाठी सही केली तिच्या पुढच्या वर्षीच्या मुलांकडे ते कॉलेज संशयाने बघू शकतं. म्हणजे आपला शब्द आपल्या ज्युनिअर्सना महागात पडू शकतो.

हे बंधन तुम्हाला अगदी अनोळखी नाही. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की ते घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. तिथेही आपण पहिला पसंतीक्रम भरताना दहादा विचार करतो. पण एक फरक आहे आणि सगळं दुखणं त्या फरकातच आहे. अकरावीचा फॉर्म भरताना कॉलेजची फी आधी कळू शकते. ईडीत वचन आधी द्यायचं असतं, आपल्याला किती पैसे भरावे लागणार ते नंतर कळतं.

मग इतके जण ईडीकडे का वळतात? आकड्यांमुळे. बऱ्याच नामवंत कॉलेजांत ईडीतून प्रवेश मिळण्याचं प्रमाण नेहमीच्या फेरीपेक्षा चांगलंच जास्त दिसतं. काही ठिकाणी जवळपास निम्मा वर्ग डिसेंबरमध्येच भरलेला असतो. फायदा खोटा नाही. 2003 मध्ये अ‍ॅव्हरी, फेअरबँक्स आणि झेकहाउसर या तिघांनी या पद्धतीवर एक पुस्तक लिहिलं. लवकर अर्ज केल्याने होणारा फायदा सॅट परीक्षेत सुमारे 100 गुण जास्त असण्याइतका आहे, असा त्यांचा हिशेब होता.

पण टक्केवारी बघताना एक गोष्ट विसरू नका. त्या लवकरच्या फेरीत कॉलेजने आधीच हेरून ठेवलेले खेळाडू असतात. आई किंवा बाबा त्याच कॉलेजचे माजी विद्यार्थी असलेली मुलंही असतात. त्यांची निवड त्या टक्केवारीत मिसळलेली असते. तुमच्या वाट्याला येणारी संधी छापलेल्या आकड्यापेक्षा कमी असते, परदेशी विद्यार्थ्याच्या बाबतीत तर नक्कीच. ‘ईडी लावली की झालंच’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्या कन्सल्टंटला विचारा, की न झालेल्यांची नावं तुमच्या पोस्टरवर कुठे असतात?

कॉलेजचा यात काय फायदा? ज्यांना प्रवेश देऊ केला त्यांतले किती जण खरंच आले, याची त्यांना चिंता असते. ईडीतला जवळपास प्रत्येक जण येतो. वर्ग लवकर भरतो, हिशेब पक्का होतो. शिवाय ईडी लावणाऱ्यांत पैशांची तुलना न करणारी कुटुंबं जास्त असतात. ज्याला चार कॉलेजांची मदतीची पत्रं समोर ठेवून निवडायचं आहे, तो एका ठिकाणी शब्द कसा देईल? लवकर अर्ज करण्याची पद्धत आधीच सुस्थितीत असलेल्यांच्या पथ्यावर पडते, असं म्हणत हार्वर्ड आणि प्रिन्स्टनने 2006 मध्ये ती बंद करत असल्याचं जाहीर केलं होतं. बाकीची बडी कॉलेजं मागे आली नाहीत, आणि 2011 मध्ये दोघांनीही ती पुन्हा सुरू केली, मात्र वचनाचं बंधन न घालता. मोठमोठ्या विद्यापीठांनाही जे टिकवता आलं नाही, ते एका विद्यार्थ्याने एकट्याने बदलावं अशी अपेक्षा नाही. पण आपण ज्या खेळात उतरतोय तो कोणाच्या सोयीचा आहे, एवढं तरी ठाऊक हवं.

आता पैशांचं बोलू, कारण आपल्या घरांत नेमकं हेच बोलणं शेवटपर्यंत टाळलं जातं. अमेरिकेतल्या बड्या खासगी कॉलेजांचा एका वर्षाचा खर्च, राहणं-खाणं धरून, आता 80 हजार डॉलरच्या पुढे गेला आहे. डॉलर 85 रुपये धरला तरी वर्षाला 68 लाख, चार वर्षांचे पावणेतीन कोटी. मुलगा म्हणतो, ‘स्कॉलरशिप मिळेल.’ बाबा म्हणतात, ‘बघू, करू काहीतरी.’ आई गप्प असते. आणि या ‘बघू’वर सही होते.

वस्तुस्थिती अशी आहे, की आयव्ही लीगची आठही विद्यापीठं गुणवत्तेवर स्कॉलरशिप देत नाहीत. मदत मिळते ती कुटुंबाची गरज बघून, आणि ती गरज किती हे कॉलेज ठरवतं, तुमचे बाबा नाहीत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ अशी मोजकी कॉलेजं परदेशी विद्यार्थ्याला निवडताना त्याने मदत मागितली आहे की नाही हे बघत नाहीत. बहुतेक ठिकाणी मात्र ते बघितलं जातं, आणि मदत मागितली की दार थोडं अरुंद होतं. म्हणून काही जण मदत मागतच नाहीत, ‘आधी आत तर जाऊ’ म्हणतात. पण अनेक कॉलेजांत परदेशी विद्यार्थ्याने सुरुवातीला मदत मागितली नसेल तर पुढच्या वर्षांतही ती मागता येत नाही. आत गेल्यावर चार वर्षं पूर्ण फी भरायची आहे, हे तेव्हा लक्षात येतं.

मदत मागितली आणि मिळालेली रक्कम खरंच पुरत नसेल, तर ईडीच्या वचनातून सुटका मिळते. ही सोय खरी आहे. पण ती वापरली तर हातात काय उरतं? डिसेंबर संपत आलेला, बाकीचे अर्ज अर्धवट, आणि घरात ‘माझ्यामुळे तुझं स्वप्न गेलं’ या अपराधी भावनेत बसलेले बाबा. ते ओझं मुलांनाही पेलत नाही आणि पालकांनाही.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. कोणतं कॉलेज किती मदत देतं याची तुलना केल्याशिवाय तुमच्या घराला निर्णय घेता येणार नसेल, तर बांधून घालणारी ईडी लावू नका. अपवाद करायचाच असेल तर डार्टमथ किंवा अ‍ॅमहर्स्टसारख्या कॉलेजचा करा, जिथे मदत मागितल्याने निवडीवर परिणाम होत नाही आणि निवड झाल्यावर कॉलेजच्या हिशेबाने निघालेली पूर्ण गरज भागवली जाते. तिथेही अंथरूण किती मोठं आहे ते आधी घरी मोजा.

लवकर अर्ज म्हणजे फक्त ईडी नव्हे, हेही लक्षात असू द्या. ‘अर्ली अ‍ॅक्शन’मध्ये अर्ज लवकर, उत्तरही लवकर, पण बंधन नाही, निर्णय 1 मेपर्यंत कळवायचा. परड्यू, इलिनॉय अशा सरकारी विद्यापीठांत ही सोय आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्डमध्ये तिचा थोडा कडक प्रकार आहे. तिथे लवकर अर्ज केला तर इतर खासगी कॉलेजांना लवकर अर्ज करता येत नाही, पण प्रवेश मिळाल्यावर जायलाच हवं असं नाही. सुपारी न फोडता स्थळ बघून येण्याची सोय असताना आपण तिचा विचारच करत नाही.

दुसरा मुद्दा तयारीचा. एचएससी बोर्डाच्या मुलांसाठी 1 नोव्हेंबर ही तारीख जरा जास्तच लवकर येते. नववी-दहावीच्या गुणपत्रिका शाळेतून आणायच्या, अकरावीच्या ज्युनिअर कॉलेजमधून. दोन्हीकडे शिक्के, दोन्हीकडे सह्या, आणि मध्ये दिवाळीची सुट्टी. समुपदेशक नावाचं पद बऱ्याच ज्युनिअर कॉलेजांत नसतंच. मग ते काम प्राचार्यांकडे किंवा वर्गशिक्षकांकडे जातं. शिफारसपत्र कोण लिहिणार? जे सर किंवा मॅडम तुम्हाला जेमतेम सव्वा वर्ष ओळखतात ते. आणि कॉलेजात नाव, पण बसायला क्लासमध्ये असा प्रकार असेल तर ते तुम्हाला तेवढंही ओळखत नाहीत. घाईघाईत लिहिलेला निबंध आणि ‘हा विद्यार्थी हुशार व मेहनती आहे’ एवढ्यावर संपणारं पत्र घेऊन नोव्हेंबरमध्ये जाण्यापेक्षा दोन महिने थांबून चांगला अर्ज करणं केव्हाही बरं. काही कॉलेजांत ईडीची दुसरी फेरीही असते, जानेवारीत अर्ज आणि फेब्रुवारीत निकाल. बंधन तेच, पण विचाराला दोन महिने जास्त.

तिसरा मुद्दा स्वप्नाचा. हे स्वप्न नक्की कोणाचं? रँकिंगचं, शिकागोला राहणाऱ्या मामाचं, की तुमचं? एक सोपी परीक्षा घ्या. समजा, दहा कॉलेजांची होकाराची पत्रं एकाच दिवशी तुमच्या हातात आली आणि सगळीकडे खर्च सारखाच आहे. तरीही तुम्ही क्षणाचा विलंब न लावता हेच कॉलेज उचलाल का? आणि का, ते नाव आणि रँक न उच्चारता पाच वाक्यांत सांगता येईल का? तिथला कोणता विभाग, कोणते विषय, वर्ग केवढे, गाव कसं, थंडी किती. पाच वाक्यं निघत नसतील तर ते कॉलेज तुम्हाला आवडतं, इतकंच. आवडणं पुरेसं असतं तर नेहमीच्या फेरीतही ते आवडतंच राहील.

या सगळ्याची उत्तरं ‘हो’ असतील तर मात्र कचरू नका. घरच्यांनी आकडा मोजलाय, कागद तयार आहेत, मन पक्कं आहे; मग बिनधास्त ईडी लावा. मनापासून हवं असलेल्या ठिकाणी ‘मला इथेच यायचंय’ असं सांगण्यात कमीपणा नाही. फक्त दोन गोष्टी सांभाळा. बाकीच्या अर्जांचे निबंध डिसेंबरच्या आधी लिहून ठेवा, कारण नकार आला तर जानेवारीच्या मुदतीला जेमतेम दोन आठवडे उरतात आणि त्या मनःस्थितीत चांगलं लिहून होत नाही. आणि बोर्डाचा, सीईटीचा अभ्यास सोडू नका. 2025 च्या मे-जूनमध्ये अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती ठरवणं काही आठवडे थांबवलं, तेव्हा प्रवेशाचं पत्र हातात असलेली मुलंही हवालदिल झाली होती. इथला एक दरवाजा किलकिला असलेला बरा.

निकाल आपल्याकडे बहुधा पहाटे किंवा मध्यरात्री येतो. लॅपटॉपसमोर अख्खं घर बसतं. त्या क्षणी ‘हो’ आलं तर सगळ्यांना निखळ आनंद व्हावा, आई-बाबांना एकमेकांकडे बघून आवंढा गिळावा लागू नये. त्यासाठी एकच करा. अर्जावर सही करण्याआधी एक संध्याकाळ मोबाइल बाजूला ठेवून तिघं एकत्र बसा आणि ‘आपल्याला किती झेपेल?’ हा प्रश्न तुम्ही स्वतः विचारा. आई-बाबा तो विचारणार नाहीत. तुमचं स्वप्न मोडेल या भीतीने ते गप्प बसतील. सुरुवात तुम्हालाच करावी लागेल.