हलका चाप

मंडळी, इथे अमेरिकेत सेमी-ऑटोमॅटिक शॉटगनचा चाप हलका करून घेणं ही चक्क हौस आहे. रेमिंग्टन ११०० घ्या, १९६३ सालचं मॉडेल. दोन पिना काढल्या की चापाचा अख्खा संच हातात येतो. कारखान्यातून तो जड येतो. कोर्टकचेऱ्यांची धास्ती, दुसरं काय! उडत्या चकत्या फोडणाऱ्या नेमबाजांना मात्र हलका हवा. मग बाहेरच्या कंपन्यांच्या स्प्रिंगा आणि सिअर (घोड्याला अडवून धरणारा खटका) मागवायचे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक म्हणजे फक्त तिचा सांगाडा, त्यामुळे हे भाग सरळ टपालाने घरी येतात. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात सुटे भागही शस्त्रच.

भाग बनवण्याला माझा आक्षेप नाही. सीएनसीवरचं काम कधीकधी कारखान्यापेक्षा सरस असतं. आक्षेप आहे तो घरी कानस घेऊन बसण्याला. सिअरची कड जराशीच असते. तिचा कडक थर घासला गेला, की नुसत्या धक्क्यानेही घोडा सुटू शकतो. "सेफ्टी आहे ना?" अहो, या बंदुकीची सेफ्टी फक्त चाप अडवते, घोडा नाही! गाडीचे ब्रेक घरी बदलणारे इथे पुष्कळ आहेत, बदलोत बापडे. पण सिअर बसवायला गनस्मिथच हवा, आणि बंदूक परत देण्याआधी त्याने ती रिकामी ठेवून, धक्के देऊन तपासलेली हवी.