औषध रक्तात, जंतू गाठीत

क्षयरोगाचे औषध रक्तात किती उतरले, हे तपासता येते. पण जंतू दडतात फुफ्फुसातल्या गाठींत. गाठीच्या गाभ्यात मृत पेशींचा पनीरासारखा गर असतो. तिथे रक्तवाहिन्या नसतात. औषध तिथवर पोहोचते का, हे ‘माल्डी इमेजिंग’ दाखवते.

ऊतीच्या केसाहूनही पातळ कापावर लेसर शोषणारे रसायन फवारतात. लेसर पडलेल्या ठिपक्यातले रेणू विद्युतभारित होऊन उडतात आणि यंत्र त्यांचे वस्तुमान मोजते. हजारो ठिपक्यांच्या नोंदी जुळवल्या की कोणता रेणू कुठे आहे, याचा नकाशा तयार होतो. अमेरिकेतील रिचर्ड कॅप्रिओली यांनी १९९७ मध्ये ही वाट दाखवली.

शस्त्रक्रियेत काढलेल्या क्षयग्रस्त फुफ्फुसांचे असे नकाशे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड गाभ्यापर्यंत शिरलेली दिसली. मॉक्सिफ्लॉक्सासिन मात्र बव्हंशी भोवतालच्या पेशींतच साठले होते.

ही काही रोजची तपासणी नव्हे. त्यासाठी ऊती शरीराबाहेर काढावी लागते. पण कोणती औषधे एकत्र द्यायची, हे ठरवताना तिचा पुरावा मोलाचा आहे. जगातील सुमारे चौथा हिस्सा क्षयरुग्ण भारतात आहेत. म्हणून नव्या औषधांच्या चाचण्यांत आपण हा पुरावा मागायला हवा आणि तो मिळवण्याची सोय इथेच उभारायला हवी. गाभ्यात औषध अपुरे पडले, तर तिथे तगलेला जंतूच उद्या औषधाला दाद देईनासा होतो.